वॉकर कुठे होता

बाळांनो,

हे तुमच्या बाबांनी तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. तुम्हाला अक्षरं येतात, पण माझं जोडाक्षरांनी भरलेलं लिखाण तुम्ही किती दिवसांत पुरं कराल याची मला खात्री नाही. शिवाय यात जे आहे ते तुमच्या बाबांनाही ठाऊक नाही, तेव्हा तिघांना एकदमच कळावं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या भाषेत मला वाक्यं इतकी नीटनेटकी लावता येतात की त्यांच्यामागे लपायला जागा मिळते. म्हणून मराठी.

आत्ताच का, तेही सांगते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला माझा नवा वॉकर दाखवला. दोन्ही गुडघे गेले आहेत आणि डॉक्टरांनी आता काठीवर भागणार नाही म्हणून सांगितलं. धाकट्या, तू लगेच म्हणालास, "आजी, वापर हं नक्की. आजोबांसारखं करू नकोस." आणि ताई म्हणाली, "आजोबा किती हट्टी होते ना!" तुम्ही दोघं प्रेमानेच बोललात. मी "हो, हो" म्हटलं आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. फोन ठेवला आणि त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही.

तुमचे आजोबा हट्टी नव्हते. बाकी कशात असतील, पण वॉकरच्या बाबतीत मुळीच नव्हते. ते पडले तेव्हा वॉकर त्यांच्याजवळ नव्हता, कारण तो मी उचलून नेला होता. तुम्हाला मी उलट सांगितलं. तेच तुमच्या मनात बसलं आहे आणि दर वेळी तुम्ही त्यांचं नाव काढता तेव्हा थोडं हसून त्यांना दोष देता. ते आता हयात नाहीत, त्यामुळे ते दुरुस्त करायला माझ्याशिवाय कुणी नाही.

क्रमाने सांगते.

आजोबांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं हे तुम्हाला माहीत आहे. ते दहावी शिकलेले, मी एम.ए. इंग्रजी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणींनी भुवया उंचावल्या होत्या. ते मोठ्याने बोलत, मोठ्याने हसत, आणि घरात आलेल्या कुणालाही "या पावणं" म्हणत, मग तो शिक्षणाधिकारी का असेना. मला ते आवडत नसे. गल्ली मला "बाई" म्हणायची म्हणून तेही मला बाईच म्हणायचे. थट्टेत असले की "बाई, तुमची घंटा झाली का?" आणि गंभीर झाले की साधं "तू".

पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली. तीन महिन्यांत बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं, हात थोडा आला, पाय मात्र ओढतच राहिला. फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. तिनेच अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा वॉकर आणायला लावला. आजोबांनी तो फरशीवर ठेवला, चार बाजूंनी वाकून बघितला आणि म्हणाले, "एक पाय आखूड हाय. कुणी बनवलाय हा? असला माल मी गेटातनंच परत धाडला असता." वर्कशॉपमधला जुना कामगार येऊन तो पाय सारखा करून गेला. रबराची टोपणं बदलली. मग आजोबांनी पुढच्या दांडीला बाजाराची कापडी पिशवी बांधली. त्यात चष्मा, पेपर, मोबाईल, सुपारीची डबी, पाण्याची बाटली. पाय ओढत खोलीभर फिरताना म्हणायचे, "बघा बाई, सगळा प्रपंच संगट."

फिजिओथेरपिस्ट मुलीने एकच नियम परत परत सांगितला होता. वॉकर कायम हाताच्या अंतरावर. झोपताना, जेवताना, टीव्ही बघताना. मी तो नियम माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. सूचनांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. खाली लाल शाईची रेघ.

आणि तरी तो वॉकर माझ्या डोळ्यांत खुपायचा. टक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग परत टक. पाहुणे आले की त्या आवाजाने बोलणं थांबायचं. आणखीही एक व्हायचं. लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. ते समोर उभे असताना मला विचारायचे, "आता कसं आहे त्यांचं? जेवतात का?" जणू ते भिंतीपलीकडे आहेत. खरं तर मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, त्यांनाच विचारा की. मी म्हणायची, "बरं आहे, चाललंय." आणि हळूहळू मीच त्यांना पाहुण्यांसमोर येऊ नका म्हणून सुचवू लागले. दमाल, असं कारण द्यायची. त्यांना कारण कळत होतं असं मला आता वाटतं.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मी करायचं ठरवलं. आजारपणामुळे मागचं राहिलं होतं. चार ते सात अशी वेळ. शाळेतल्या जुन्या सहकारी, कॉलनीतल्या बायका, आणि आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका येणार होत्या. त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली होती आणि त्यांच्या नजरेला अजून भीत होते. वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या आणल्या. तिळगूळ, अत्तरदाणी, गजरे, सगळ्याची यादी केली. यादीत एक ओळ होती: "ह्यांची खोली."

आमच्या हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना त्यांची खोली लागते. मध्ये फक्त पडदा. पडदा हलला की पलंग दिसतो, आणि पलंगाला टेकून ती पिशवी बांधलेला वॉकर. तेलकट पिशवी. पिशवी सोडायला ते तयार नव्हते. मग मी साडेतीन वाजता त्यांना बाथरूमला नेऊन आणलं, धुतलेला लेंगा-सदरा घातला, पलंगावर बसवलं, मोबाईल हातात दिला, आणि वॉकर घडी करून मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला. वर जुनी चादर टाकली.

"कुटं नेलासा त्यो?" त्यांनी विचारलं.

"सात वाजेपर्यंत फक्त. तुम्ही उठायचं नाही. काही लागलं तर हाक मारा."

"इतक्या बायकांत हाक मारू? काय म्हणून मारू, मला मुतायला न्या म्हणून?"

"मग मोबाईलवर मिस्ड कॉल द्या. मी येते."

ते हसले. "एकाच घरात मिस्ड कॉल. बाई, तुमच्या शाळंत असलं शिकवत हुता व्हय?"

मीही हसले. हा शेवटचा भाग मला नीट आठवतो, कारण त्यानंतर आम्ही दोघं मिळून बराच काळ हसलो नाही.

सगळ्या बायका वेळेवर आल्या. मुख्याध्यापिका मधल्या खुर्चीवर बसल्या. आमच्या शेजारच्या वहिनीही आल्या. त्यांना तुम्ही बघितलं आहे, मुरगूडकडच्या, बोलल्या की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. हळदीकुंकू, तिळगूळ, अत्तर झालं. मग कुणीतरी म्हणालं, आता यजमानीणबाईंनी नाव घ्यायचं. तिकडे तुमच्या ओळखीत हे होत नसेल. हळदीकुंकवाला बायका उखाणा घेतात, दोन-चार यमकाच्या ओळी आणि त्यात नवऱ्याचं नाव गुंफायचं. मी आढेवेढे घेतले, पण आतून तयार होते. उखाणा मी आदल्या दिवशीच रचला होता. माझा फोन माझ्यासमोर टीपॉयवर, तिळगुळाच्या डब्याशेजारी होता, आवाज बंद करून.

मी उभी राहिले आणि फोन थरथरला. स्क्रीनवर त्यांचं नाव आलं.

बाळांनो, आतापर्यंत मी जे सांगितलं त्याला विसरभोळेपणा म्हणता येईल, नीटनेटकेपणाचं वेड म्हणता येईल. हे मात्र तसं नाही. मी ते नाव वाचलं. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या, सगळ्या बायका गप्प होऊन वाट बघत होत्या. मी फोन उलटा ठेवला आणि उखाणा घेतला. चारही ओळी न अडखळता. शेवटी त्यांचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वा, भाषा अजून शाबूत आहे." मला आनंद झाला. तो आनंद मला आजही आठवतो आणि तेच मला सहन होत नाही.

मग दुसऱ्या एकीने नाव घेतलं, मग तिसरीने. फोन आणखी दोनदा थरथरला असणार. तीन मिस्ड कॉल होते हे मी नंतर पाहिलं. मी मनाशी म्हणत होते, ही एवढी झाली की उठते.

आतून आवाज आला. मोठा नव्हता. गव्हाचं पोतं खाली ठेवावं तसा.

बाथरूमचं दार त्यांच्या पलंगापासून चार पावलांवर आहे. भिंतीला धरून ते तीन पावलं गेले होते. मी पडद्याशी पोचले तेव्हा ते कुशीवर पडलेले होते, एक पाय विचित्र वळलेला, आणि लेंगा ओला झाला होता. फरशीवर ओघळ माझ्या दिशेने येत होता. माझ्यामागे बायका उठल्याची चाहूल लागली. आणि मी पहिलं काम काय केलं? मागे वळून पडदा ओढला.

तो पडदा हिसकून शेजारच्या वहिनी आत आल्या. "अवो बाई, पडदा काय वडालाय? माणसाला उचला की आधी!" पदर खोचून त्या खाली बसल्या, त्यांचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "आणि यांचा वाकर कुटं हाय?"

दारात चार-पाच बायका होत्या. मुख्याध्यापिका होत्या. मी म्हणाले, "ते वापरतच नाहीत हो. कितीदा सांगितलं. ऐकत नाहीत."

आजोबा शुद्धीवर होते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग वहिनींना म्हणाले, "माझंच चुकलं. उगंच शाणपणा करायला गेलो."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून मी तुमच्या बाबांना फोन केला आणि तेच वाक्य परत म्हणाले, वापरतच नाहीत, ऐकत नाहीत. दुसऱ्यांदा ते फार सोपं गेलं. दोन दिवसांनी तुम्ही व्हिडिओ कॉल केलात. धाकट्या, तू तेव्हा लहान होतास. बोट उगारून त्यांना रागावलास. ताई, तू त्यांच्याकडून वचन घेतलंस की यापुढे वॉकरशिवाय पाऊल टाकणार नाही. पाय बांधलेल्या अवस्थेत पडून ते म्हणाले, "व्हय गं बाई, चुकलं म्हाताऱ्याचं. कान धरतो." आणि खरंच कान धरला. तुम्ही हसलात. मी त्यांच्या उशाशी मोसंबी सोलत होते. मी मोसंबी सोलत राहिले.

ऑपरेशन झालं, पण ते परत वॉकरवर उभे राहिले नाहीत. एका पडण्याने वॉकर संपला आणि चाकाची खुर्ची आली.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी विषय काढला. दुपारी त्यांच्या पाठीला पावडर लावत होते, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. समोरासमोर मला ते विचारता आलं नसतं. मी विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत? तुमची चूक म्हणून?"

 ते म्हणाले, "तू नाव घेतलंस ते ऐकलं मी आतनं. यमक बरं जुळवलं हुतंस."

मी आणखी पावडर हातावर घेतली.

"पोरं लांब हाईत," ते म्हणाले. "मी काय आज हाय, उद्या न्हाय. मागं तू राहणार. तिकडं बसून पोरं तुझ्यावर रागावली, तर तू एकटी काय करशील? म्हातारा हट्टी हुता म्हटलं की मिटलं. म्हातारं हट्टी असतंयच." आणि मग नेहमीच्या आवाजात, "बाई, आता फळा पुसा. तास संपला."

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. ते मला तशी संधी देत नाहीयेत असं मी स्वतःला समजावलं, पण पावडर लावायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन शब्द सहज बसले असते.

त्यानंतर मी एक करायला लागले. संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवून बाहेर न्यायची. सुरुवातीला रस्ता कमी वर्दळीचा निवडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, ह्या गल्ल्या सोडा, मला गंगावेशीला न्या." तिथे दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ताजं दूध देतात. त्यांच्या वर्कशॉपच्या काळापासूनचं ते ठिकाण. रिक्षात खुर्ची घडी करून गेलो. त्यांची दोस्तमंडळी तिथेच कट्ट्यावर होती. मला वाटलं आता सगळे गप्प होतील आणि मला विचारतील, कसं आहे यांचं.

एकजण लांबूनच ओरडला, "काय मालक! नवी गाडी काढलासा आणि पेढं न्हाईत?"

"पासिंग व्हायचं राहिलंय अजून," आजोबा म्हणाले. "आणि ड्रायव्हर बघ की, एम्मे झालेला हाय!"

सगळा कट्टा हसला. दुसऱ्याने खाली वाकून चाक फिरवून बघितलं, बेअरिंग कुठलं आहे ते विचारलं, आणि दोघांचं त्यावर अर्धा तास चाललं. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. दुधाचा ग्लास हातात धरून मी उभी होते आणि मला कळत होतं की सबंध वर्षभर मी ज्या लोकांना भीत होते ते असे होते. त्यांना मी कधी घरात नीट बसूही दिलं नव्हतं, चपला दारात अस्ताव्यस्त टाकतात म्हणून.

दीड वर्ष आम्ही आठवड्यातून दोनदा तरी तिथे गेलो. मग न्यूमोनिया झाला आणि ते गेले. तुम्ही आला होतात, तुम्हाला आठवत असेल. दहाव्या दिवशी सगळे जमले असताना तुमचे बाबा म्हणाले, "वॉकर वापरला असता तर अजून चालते-फिरते असते." मी तिथेच होते. तांदूळ निवडत होते. तेव्हाही बोलले नाही.

हे लिहायला बसण्याआधी, परवा, मी शेजारच्या वहिनींकडे गेले. आधी कुणाला तरी तोंडाने सांगून बघावं, जमतं का ते कळेल, असं वाटलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, वॉकर, फोन, उखाणा. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"आमाला तवाच म्हाईत हुतं की," त्या म्हणाल्या. "पातेलं शोधाय मी मागं गॅलरीत गेलते, पाणी तापवायला. चादरीखालनं त्याचं पाय दिसत हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मालकांनी खुणावलं. असं." त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग सोललेले दाणे माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाल्या, "पोरास्नी सांगा आता. लई दिस त्यांनी वझं वाहिलं तुमचं."

म्हणून हे पत्र. तुम्ही माझ्यावर रागावलात तर तो राग योग्य आहे, आणि मला तो झेपेल. त्यांना वाटायचं मी एकटी काय करीन. मी ठीक आहे. फक्त पुढच्या वेळी त्यांचं नाव निघेल तेव्हा हट्टी म्हणू नका, तुमच्या मुलांनाही तसं सांगू नका. तुमच्या बाबांनाही माझं हेच सांगणं आहे.

आता काय उरलं आहे ते लिहिते. चाकाची खुर्ची मी उचगावच्या त्यांच्या जुन्या कामगाराला दिली. त्याची आई ती वापरते. वर्कशॉप विकलं. त्यांचे दोस्त तिघं उरले आहेत आणि ते अजून दूध कट्ट्यावर बसतात. तुम्ही आलात तर मी तुम्हाला घेऊन जाईन. त्या हळदीकुंकवाच्या दिवशी काय झालं हे माहीत असलेल्या मी आणि शेजारच्या वहिनी अशा आम्ही दोघी आहोत, आणि आता तुम्ही तिघं.